‘हंगामी’ या एका शब्दाने काय केलं? नंदुरबार, कारखाने आणि मालकाच्या खर्चाचा दवाखाना

“विषय ठरलाय, पण संशोधन-प्रश्न सापडत नाही.” पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला हे सांगतात. यावर माझ्याकडे पाच पायऱ्यांचं सूत्र नाही. माझा प्रश्न मला कसा सापडला तेवढं सांगू शकते. तो एका रिकाम्या रकान्यात सापडला.

मी मूळची प्राणिशास्त्राची. एमएस्सी झाल्यावर सार्वजनिक आरोग्याकडे वळले आणि विषय घेतला तो मालकाने कामगाराला दिलेल्या आरोग्यसेवेचा: कारखान्यातला दवाखाना, कंपनीचा डॉक्टर, पगारातून कापला जाणारा विमा. जिल्हा नंदुरबार, कारण घर तिथलं. विज्ञानाच्या सवयीने पहिल्याच महिन्यात एक्सेलमध्ये तक्ता केला. डावीकडे जिनिंग-प्रेसिंग आणि साखर कारखाने; वर रकाने: दवाखाना आहे का, डॉक्टर किती वेळ, कधीपासून, खर्च कुणाचा. दोन महिने फिरले आणि तक्त्यात जिकडेतिकडे ‘नाही’ किंवा कोरी जागा. मला वाटलं, विषय बुडाला. मार्गदर्शक म्हणाले, “रकाना कोरा आहे हे तुला कळलं. तो कोरा का आहे, हे कुठे कळलंय?”

मग मी कारखाने सोडले आणि कायदे वाचायला बसले. कायद्याचं पहिलं पान, म्हणजे व्याख्यांचं, आपण सहसा उलटून पुढे जातो. माझं उत्तर तिथेच पडलेलं होतं.

कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, १९४८ चा. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची आणि त्यातून कामगाराला, त्याच्या घरच्यांना दवाखाना, आजारपणातली भरपाई, बाळंतपणाची रजा मिळायची. आजच्या दराने मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. हा कायदा कुणाला लागू होता? त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय: सर्व कारखान्यांना, ‘हंगामी कारखाने सोडून’. आणि हंगामी कारखाना म्हणजे काय? व्याख्येतली यादी सावकाश वाचा: कापूस जिनिंग, कापूस किंवा ताग प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर (गुळासह) आणि चहा यांचं उत्पादन.

आता नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर आणा. शहादा, नंदुरबार, तळोदा हा कापसाचा पट्टा, म्हणून जिनिंग. तापीकाठचा ऊस, म्हणून पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर साखर कारखाना आणि नवापूर तालुक्यात डोकारे इथला आदिवासी साखर कारखाना. पिढ्यानपिढ्या इथल्या माणसाला ‘कारखान्यात कामाला’ म्हणून जाता आलं ते मुख्यतः या दोन धंद्यांत. आणि दोन्ही त्या यादीत नावानिशी.

माझा तक्ता कोरा होता, कारण तो कोरा राहील अशी तजवीज १९४८ सालीच झाली होती. मग पुढचा प्रश्न: ही यादी आली कुठून?

यादीचा माग काढताना एक शब्द धरून मागे जायचं असं मी ठरवलं, आणि शब्द निवडला ‘नीळ’. नीळ कधीच गेली. कृत्रिम रंग आले आणि निळीचे कारखाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आचके देऊ लागले. तरी ती १९४८ च्या कायद्याच्या व्याख्येत काय करतेय? जुन्या मसुद्यातून जसंच्या तसं उतरवल्याची ही खूण. (जनुकशास्त्रवाल्यांना हे लगेच समजेल. निरुपयोगी झालेला तुकडाही वंशावळ सांगतो.)

निळीचा माग धरला की आपण थेट १८८१ मध्ये पोचतो, भारताच्या पहिल्या फॅक्टरी कायद्यापर्यंत. त्या कायद्यात दवाखाना वगैरे नव्हताच. मुलांच्या कामाचे तास आणि यंत्राला कुंपण, एवढीच मजल. पण कारखाना कशाला म्हणायचं हे त्याने ठरवलं: यंत्रशक्ती हवी, शंभर माणसं हवीत आणि काम वर्षातून किमान चार महिने चालायला हवं. निळीचे कारखाने आणि चहा-कॉफीचे मळे सरळ बाहेर. युरोपीय मळेवाल्यांचं वजन त्यामागे होतं हे सांगायला नको.

चार महिन्यांच्या अटीची झळ कुणाला लागली? खान्देशला. दसरा-दिवाळीनंतर कापूस आला की जिन सुरू आणि उन्हाळ्यापर्यंत काम संपलं. बऱ्याच जिनिंगवाल्यांना हा कायदा शिवलाच नाही. १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनसमोर या जिनांबद्दल जी साक्ष झाली ती वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. गर्दीच्या दिवसांत पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे अठरा तास काम. मजुरी तीन-चार आणे. त्यात बायका मोठ्या संख्येने. माणसं पार थकली की दुसरी आणायची. याच सुमारास, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. त्यांच्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती हे आपण शाळेत शिकतो. पण त्यातच आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटाची सोय. कामगाराच्या शरीराची जबाबदारी मालकावर आहे, हे आपल्याकडे इतक्या लवकर, इतक्या स्पष्टपणे मांडलं गेलं होतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ पासून अपघात-भरपाई सुरू केली ती मालकाच्या मर्जीने. लोखंडे मागत होते तो हक्क.

१९०० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत तापी खोऱ्याची रेल्वे आली आणि इथल्या कापसाला वाट मिळाली. चार महिन्यांच्या आतले हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये. आले, पण वेगळ्या पंगतीत. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने ‘हंगामी कारखाना’ हा स्वतंत्र वर्गच केला, तीच जिनिंग-नीळ-साखर-चहाची यादी देऊन. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामीत ६०. बारमाहीत दिवसाला १०, हंगामीत ११. १८० दिवसांपेक्षा जास्त चालणारा कारखाना सरकारने ठरवलं तर हंगामीतून काढता यायचा. म्हणजे निदान तेव्हा तरी या शब्दाचा कॅलेंडरशी काही संबंध होता.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगते. दप्तरखान्यात ‘नंदुरबार जिल्हा’ शोधाल तर काहीच मिळणार नाही, कारण हा जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्याआधी धुळे, १९६० च्या आधी पश्चिम खान्देश आणि १९०६ च्या आधी नुसता खान्देश. मी चार दिवस चुकीच्या नावाने कॅटलॉग चाळत होते.

आता खरा वळणाचा टप्पा. मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा विचार केला होता, पण पुढे दहा-बारा वर्षं फार काही हललं नाही. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना करायला सांगितलं. (रिझर्व्ह बँकेचे १९७० मधले अल्पकाळचे गव्हर्नर बी. एन. अदारकर ते वेगळे. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी दोघांना एक केलं होतं, तुम्ही करू नका.) तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये अदारकरांचा अहवाल आला. योजना तीन गटांपुरती: कापड, इंजिनिअरिंग, खनिज व धातू. आणि त्यातही बारमाही कारखाने.

हे वाचून चिडायला होतं, पण त्यांची बाजूही बघा. विमा म्हणजे नियमित वर्गणी. चार महिने पगार आणि आठ महिने गाव, अशा माणसाकडून वर्गणी कशी घ्यायची? पावसाळ्यात तो आजारी पडला तर कुणाच्या खात्यावर? संगणक नाही, दवाखाने नाहीत, डॉक्टर नाहीत. सुरुवात जिथे सोपी तिथून करायची, यात मला डाव दिसत नाही. माझा आक्षेप नंतरच्या ऐंशी वर्षांवर आहे. ‘आत्ता सोपं नाही’ म्हणून बाहेर ठेवलेली माणसं ‘ही बाहेरचीच’ होऊन बसली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता उघडून बघा. ईएसआय दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक आस्थापनेला, हंगामी कारखाना सोडून. व्याख्येत जिनिंग आहे, साखर आहे, गूळ आहे. आणि हो, नीळही आहे.

परिणाम काय झाला ते कापसाच्या एका बोंडामागे चालत गेलं की दिसतं. शहाद्याच्या शेतातला कापूस जिनात येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. त्या गाठी अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये किंवा मुंबईला गेल्या, तर तिथे त्या फोडणारा, पिंजणारा, सूत काढणारा माणूस बारमाही कारखान्यातला. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या गिरणी कामगाराच्या हातात विम्याचं कार्ड आलं. कापूस तोच, धूळ तीच. गाठ बांधणारा बाहेर, गाठ फोडणारा आत.

धुळीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथे माझं मूळ शिक्षण कामाला आलं. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची ओळख अशी की सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभरात कमी होते. म्हणून गिरणीच्या डॉक्टरांनी त्याला सोमवारचा आजार म्हटलं. वर्षं गेली की सोमवार उरत नाही, रोजच दम लागतो. उसाचा रस काढल्यावर उरणारं बगॅस जुनं होऊन त्यात बुरशी वाढली, की त्याच्या धुळीने बगॅसोसिस होतो. आता ईएसआय कायद्याची तिसरी अनुसूची काढा, व्यवसायजन्य आजारांची. त्यात बिसिनोसिस आहे आणि बगॅसोसिसही आहे. कापूस आणि ऊस या दोन्हींचे आजार कायद्याला ठाऊक आहेत. ते सर्वांत आधी ज्याच्या छातीत शिरतात तो जिनवाला आणि साखर कारखान्यातला कामगार मात्र कायद्याबाहेर. बगॅस कागद गिरणीतही वापरतात, म्हणून नोंद अगदीच निरर्थक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय १९२३ चा भरपाई कायदा हंगामी कारखान्यालाही लागत होता. पण भरपाई मिळते ती नुकसान झाल्यावर, आणि आजार कामामुळे झाला हे सिद्ध केल्यावर. ते सिद्ध करायला कुणीतरी डॉक्टरने वर्षानुवर्षं तपासून नोंद ठेवलेली लागते. ती नोंद ठेवणारा दवाखानाच नाही, तर सिद्ध काय करणार?

“पण हंगामी माणसाचं कारखान्याशी नातं तरी किती दिवसांचं?” असं मला एका परिषदेत विचारलं गेलं. याचं उत्तर साखर कारखान्यातच आहे. तिथे ‘हंगामी कायम’ नावाचा वर्ग असतो. शब्द विचित्र वाटेल, पण कारखान्यावर कुणालाही विचारा. हा कामगार गाळप हंगामात कामावर असतो आणि हंगाम संपला की घरी. घरी असतानाही त्याला पगाराचा काही भाग मिळतो, त्याला रिटेन्शन म्हणतात, कारण पुढच्या हंगामाला तोच अनुभवी माणूस हवा असतो. म्हणजे मालकाला गरज असते तिथे बारा महिन्यांचा हिशोब ठेवता येतो. हंगाम नसताना पैसे पोचवता येत असतील, तर वर्गणीही कापता आली असती. अदारकरांच्या काळातली अडचण खरी होती. कारखान्याच्या पगारपत्रकाने ती केव्हाच सोडवली, पण कायद्याने त्या पत्रकात डोकावून पाहिलं नाही.

चहाची तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. चहासुद्धा त्याच यादीत. पण १९५१ मध्ये मळ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि कामगारांना वैद्यकीय सोय देणं मळेवाल्यांवर बंधनकारक झालं. म्हणजे यादीतल्यांसाठी दुसरी वाट काढता येत होती. साखरेसाठी अशी वाट काढली गेली नाही. महाराष्ट्रात काही सहकारी कारखान्यांच्या परिसरात मोठी रुग्णालयं उभी राहिली, प्रवरानगरजवळचं लोणी हे ठळक उदाहरण. पण ती पुढाऱ्यांच्या दृष्टीतून आणि सहकाराच्या ताकदीतून आली. जिथे ते दोन्ही कमी पडलं, तिथे कामगाराच्या हातात दाखवायला कलम नव्हतं.

इथपर्यंत मी कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या माणसांबद्दल बोलत होते. बाहेरच्यांचं काय?

१९४८ च्याच फॅक्टरी कायद्याचं कलम ४५ सांगत होतं की दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्ष हवा, वैद्यकीय माणसांसह. हे हंगामी कारखान्यालाही लागू होतं. पण मोजायचे ते कारखान्याच्या आवारातले. ऊस तोडणारे हजारो हात फडात असतात. त्यांचा मालक कोण, यावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. नंदुरबारची आदिवासी कुटुंबं पिढ्यानपिढ्या तोडीला सुरत-बारडोलीकडे जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकात तिथल्या खान्देशी मजुरांवर लिहिलंय. या भागात काम करायचं असेल तर ते आधी वाचा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हजेरीत माणूस नसतोच, कोयता असतो. मग त्यातली एक आजारी पडली तर कोयताच बंद, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, ती या हिशोबापासून वेगळी काढून वाचता येत नाही. दर महिन्याचे खाडे परवडत नाहीत, हे कारण कितीतरी बायकांनी सांगितलं. त्यानंतर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. कारखान्याने तोडणाऱ्याच्या नावे काही भरावं, हे तत्त्व निदान कागदावर आलं. नंदुरबारहून गुजरातेत जाणारीला त्याचा काय उपयोग, हा माझ्या चौथ्या प्रकरणाचा विषय आहे आणि ते प्रकरण अजून रडतंय.

“आता महात्मा फुले योजना आहे की,” असंही कुणी म्हणेल. आहे, आणि गरज आहे. पण तिचे पैसे सरकार भरतं, आणि ती मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. कामाच्या जागी धूळ मोजणं, दर वर्षी छाती तपासणं हे तिचं कामच नाही. धुळीचा खर्च धूळ करणाऱ्याकडून सर्वांकडे सरकला, एवढाच हिशोब मला तिथे दिसतो.

हे सगळं मी अलिप्तपणे शोधलं असं दाखवणं खोटं ठरेल. माझे आजोबा शहाद्याच्या एका जिनात वीस-बावीस हंगाम होते. ते गेले तेव्हा मी सातवीत होते आणि घरात ‘दमा होता’ एवढंच बोललं जायचं. तक्ता भरताना पहिल्यांदा आजीला नीट विचारलं. ती म्हणाली, जिन सुरू झालं की पहिले चार दिवस त्यांच्या अंगात कणकण असायची, छाती भरायची, रात्री भिंतीला टेकून बसायचे. मग सवय व्हायची. दर वर्षी तसंच, दिवाळी झाली की. नंतर नंतर पावसाळ्यातही बरं वाटेना.

मी डॉक्टर नाही आणि हे निदान नाही. पण सुट्टीनंतरचा पहिला दिवस हे लक्षण ज्या आजाराचं, त्याचा सोमवार हंगामी माणसाला वर्षातून एकदाच येत असेल का, हा प्रश्न त्या दिवशी मी वहीत लिहिला. आठवड्याच्या सुट्टीभोवती रचलेली प्रश्नावली घेऊन जिनात गेलं तर हा सोमवार निसटेल. म्हणून आता माझ्या मुलाखतींत पहिला प्रश्न असतो, “हंगामाचे पहिले चार दिवस कसे जायचे?” या दिवाळीनंतर तीच प्रश्नावली घेऊन पुन्हा शहाद्याला जायचंय, जिन सुरू व्हायच्या आत.

तक्ता मी अजून ठेवलाय, फक्त रकाने बदलले. ‘दवाखाना आहे का’च्या आधी आता ‘कायद्याच्या कोणत्या व्याख्येत’ असा रकाना आहे. सर्वांत वरची ओळ आजोबांच्या जिनाची. व्याख्या: हंगामी. दवाखाना: नाही. डॉक्टर: नाही. मालकाकडून आरोग्यासाठी काय मिळायचं, हे आजीला विचारलं तेव्हा ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “संध्याकाळी सुटताना गुळाचा खडा द्यायचे. घशातली रुई उतरावी म्हणून.”

त्या रकान्यात मी ‘गूळ’ असं लिहिलंय.